उपचार चालू असताना गाठ आली, आता पुन्हा बायोप्सी कशाला?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही नागपुरात सक्करदऱ्याजवळ राहतो. मिस्टरांचं वय ५६, किराणा दुकान आहे. सहा-सात वर्षांपासून कमरेला आणि मांड्यांना लालसर डाग होते. कोणी नायटा म्हटलं, कोणी एक्झिमा. ट्यूबा लावून लावून थकलो. मागच्या वर्षी कमरेवरचा तुकडा घेऊन बायोप्सी केली, त्यात मायकोसिस फंगॉइडिस निघालं, म्हणजे त्वचेचा लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर. आठवड्यातून तीनदा लाइट, म्हणजे अतिनील किरणांचे उपचार, सुरू झाले. सहा महिन्यांत डाग फिके पडून राहिले होते, खाजही कमी झाली होती. दिवाळीच्या गर्दीत दुकान सोडता आलं नाही, तीन आठवडे लाइट चुकले. त्यानंतर डाव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ आली. दीड महिन्यात लिंबाएवढी झाली आणि वरून फुटली. जांघेतही काहीतरी हाताला लागतं. डॉक्टर म्हणतात आजार पुढं सरकला असावा, पुन्हा बायोप्सी करा आणि आजार अंगात कुठं कुठं आहे ते दाखवणारा पेट स्कॅन करा. भासरे म्हणतात, पहिल्या बायोप्सीनंच आजार चाळवला, आता चाकू लावाल तर सगळीकडे पसरेल. त्यांनी एका वैद्याची पुडी आणून ठेवली आहे. मिस्टर काहीच बोलत नाहीत. टॉवेल, चादर वेगळी करून हॉलमध्ये झोपतात. लाइट चुकले म्हणून झालं का? की लाइटनंच झालं? मुंबईला न्यावं का? वैशाखात मुलीचं लग्न आहे, ते पुढं ढकलावं का? काही सुचून नाही राहिलं.

उत्तर: ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण आज हातात घ्यायचा एकच आहे. मांडीवरच्या गाठीची बायोप्सी करा, आणि ती याच आठवड्यात करा. उपचार कोणते, मुंबई गाठायची की नाही, लग्नाच्या सुमारास मिस्टर कसे असतील, हे सगळं त्या एका रिपोर्टवर ठरणार आहे.

भासऱ्यांची भीती मी कितीतरी घरांत ऐकली आहे. ते वाईट मनानं बोलत नाहीत, भावाच्या काळजीनं बोलतात, म्हणून त्यांना उडवून लावू नका. फक्त एवढं विचारा, की पहिला तुकडा कमरेवरून घेतला होता, मग गाठ मांडीवर कशी आली? हा आजार पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशींचा आहे. या पेशी मुळातच शरीरभर फिरणाऱ्या. त्वचेत येतात, लसिकाग्रंथींत जातात, रक्तातून परत येतात. चार-सहा मिलिमीटरचा तुकडा काढल्यानं त्यांना कोणतीही नवी वाट मोकळी होत नाही. बायोप्सीमुळे हा लिम्फोमा पसरत नाही. न केल्यानं मात्र नुकसान होतं, कारण चुकीच्या उपचारात महिने जातात.

जुना रिपोर्ट हाती असताना नवा कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. जुना रिपोर्ट जुन्या डागाचा आहे. ही गाठ त्याच आजाराची आहे, आणि असली तर त्याच रूपात आहे, हे त्या कागदावरून कळत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मलाही आजार चट्ट्यांच्या टप्प्यातून गाठींच्या टप्प्यात गेल्याची शक्यता जास्त वाटते. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, खोल गेलेली गाठ आली की डॉक्टर ती स्टेज टू-बी धरतात. पण तिथंही दोन गोष्टी असू शकतात. पेशी पूर्वीसारख्याच लहान आहेत, फक्त खोल उतरून साचल्या आहेत, ही एक. दुसरी, पेशींनी रूप पालटलं आहे. एकूण पेशींत मोठ्या पेशी २५ टक्क्यांहून जास्त दिसल्या तर त्याला लार्ज सेल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. दोन्ही गाठी वरून सारख्याच दिसतात, उपचाराचं गणित मात्र वेगळं होतं. शिवाय त्या पेशींवर सीडी ३० नावाची खूण आहे का, हे बघावं लागतं, कारण त्या खुणेवरच नेम धरणारं औषध आता उपलब्ध आहे.

गाठ भलतीच निघण्याची शक्यताही सोडून देता येत नाही. या रुग्णांच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस जंतूंचा संसर्ग सहज होतो आणि तो गळवासारखा फुगतो. वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या ट्यूबा लावलेल्या त्वचेत बुरशीही खोल रुजू शकते. काही रुग्णांना लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिसचे फोड येतात. ते फुटतात, खपली धरतात, काही आठवड्यांत आपोआप जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते भयंकर दिसतात, पण वागायला सौम्य असतात. लिंबाएवढी गाठ त्यात बसत नाही, तरी असे बारके फोड मिस्टरांना येऊन गेले असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे मेक्लोरएथामिनचं जेल लावणं चालू असेल, किंवा मोगॅम्युलिझुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर त्या औषधांचीच रिअ‍ॅक्शन आजार वाढल्यासारखी दिसू शकते, हे ध्यानात ठेवा. चांगलं लागू पडणारं औषध 'उलटलं' म्हणून बंद केलेलं मला फार वाईट वाटतं. तिथंही निवाडा बायोप्सीच करते.

आता ती कशी व्हावी ते सांगतो, कारण अर्धवट बायोप्सी म्हणजे पुन्हा तोच त्रास. गाठीचा फुटलेला मधला भाग घेऊ नये, तिथं मेलेल्या पेशी आणि पूच जास्त मिळतो. कडेचा, न फुटलेला भाग घ्यावा आणि तुकडा खोल, चरबीच्या थरापर्यंत जावा. जागा बधिर करतात, एक-दोन टाके पडतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. 'सुईनं तपासून बघू' असं कुणी म्हटलं तर नम्रपणे सांगा की या गाठीला नुसती एफएनएसी पुरत नाही. जांघेतल्या गाठीचं वेगळं आहे. फुटलेल्या जखमेमुळेही जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथली ग्रंथी सुजते, म्हणून तिला लगेच कॅन्सर समजू नका. पेट स्कॅन होऊ द्या. ती दीड सेंटिमीटरहून मोठी किंवा घट्ट लागत असेल तर शक्यतो अख्खी काढून तपासतात.

जाताना एक काम तुम्ही करा. आधीची बायोप्सी जिथं झाली तिथून स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. तो तुमचाच आहे, अर्ज दिला की मिळतो. नवा तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला जुना शेजारी ठेवून बघता आला तर रिपोर्टला वजन येतं. मोबाइलवर मांडीचे, कमरेचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी पट्टी ठेवा. किती महिने लाइट घेतले, कोणत्या ट्यूबा लावल्या, हे एका कागदावर लिहून न्या. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबांची नावंही त्यात हवीत, लाजू नका.

आता तुमच्या मनाला जे खात असेल त्याबद्दल. दिवाळीत तीन आठवडे लाइट चुकले म्हणून ही गाठ आली नाही. लाइट चुकले तर गेलेले डाग पुन्हा उमटू शकतात, खाज परत येते. पण तीन आठवड्यांच्या खंडानं पेशी गाठीत जमत नाहीत. आणि लाइटनंही हे झालेलं नाही. या लाइटचा, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबीचा, ३११ नॅनोमीटरचा किरण त्वचेच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो. भुरभुर पावसानं काळ्या जमिनीचा वरचा पापुद्रा ओला व्हावा आणि खालचं ढेकूळ कोरडंच राहावं, तसं ते आहे. वरचे चट्टे फिके पडत होते ते उपचार लागू पडत होता म्हणूनच, आणि त्याच वेळी खोलवर बसलेल्या पेशींना त्याची झळच लागत नव्हती. एकाच माणसाच्या अंगावर डाग मिटत जाणं आणि गाठ उठणं ही दोन्ही सोबत घडतात, ती अशी. तुमच्या डॉक्टरांनी लाइट निवडले ते बरोबरच होतं. चट्ट्यांच्या टप्प्यात जगभर तो पहिल्या उपचारांपैकी एक आहे.

हे तुमच्याच घरावर आलेलं अघटित नाही. लंडनच्या एका केंद्रानं २०१० साली १,५०२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार कधी ना कधी पुढच्या टप्प्यात गेला होता, आणि ते सगळे मोठ्या दवाखान्यात नियमित देखरेखीखाली होते. पहिली सहा-सात वर्षं नायटा समजण्यात गेली, त्याचाही सल धरू नका. सुरुवातीच्या काळात हा आजार एक्झिमासारखाच दिसतो, कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखालीही. निदानाला वर्षं लागणं यात नेहमीचं आहे.

रिपोर्टमध्ये गाठींचा टप्पा आला तर पुढं काय? खोटा धीर मी देणार नाही. चट्ट्यांच्या टप्प्यापेक्षा हा गंभीर आहे, आणि पेशींनी रूप पालटलं असेल तर अधिक. आजार मुळासकट जाईल असं वचन कुणी देत असेल तर सावध राहा. तो आटोक्यात ठेवणं, गाठी विरवणं, माणूस दुकानात बसता-उठता राहणं, हे उद्दिष्ट असतं, आणि त्यासाठी हातात बरंच काही आहे. गाठ एक-दोनच असतील तर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, फार छान लागू पडतं. हा लिम्फोमा किरणांना चटकन विरघळतो. कित्येकदा दोन बैठकांत मिळून ८ ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसाचं माप) एवढा छोटा डोसही गाठ घालवायला पुरतो. आतापर्यंत घेतलेले लाइट आणि हा शेक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, 'लाइटचा उपयोग झाला नाही, मग हा कशाला' असं घरात कुणाला वाटू देऊ नका.

अंगभर पसरलेलं असेल किंवा पेशी मोठ्या झाल्या असतील तर औषधं लागतात. सीडी ३० सापडलं तर ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन हे सलाइनमधून तीन आठवड्यांनी एकदा देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या ५६ टक्के रुग्णांना निदान चार महिने टिकणारा गुण आला, नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण १२-१३ टक्के होतं. औषध महाग आहे आणि त्यानं हातापायांच्या नसांना त्रास होतो. गल्ल्यावर सुटे पैसे मोजताना बोटं बधिर वाटायला लागली, चपला पायातून निसटल्याचं कळेना, तर पुढच्या डोसआधी ते सांगायचंच. सीडी ३० नसेल किंवा खर्च झेपत नसेल तर जेमसिटाबिन, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन अशी औषधं आहेत. या आजारात शक्यतो एका वेळी एकच औषध देतात. चार औषधांच्या जोरदार किमोनं उतार लवकर पडला तरी तो फार टिकत नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा 'मोठी किमोच द्या' असा आग्रह कुणी नातेवाइकानं धरला तर त्याला थांबवा.

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या लिहून दिल्या तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या: ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोजची गोळी समजून घेतल्यानं माणसं दगावली आहेत. कॅलेंडरवर त्या वारावर खूण करा आणि गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा.

आणि बायोप्सीची वाट बघत असताना ताप आला, थंडी वाजली, जखमेला घाण वास यायला लागला किंवा भोवतीची कातडी गरम होऊन लाली पसरत चालली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच कॅज्युअल्टीत न्या. या आजारात माणसं पुष्कळदा लिम्फोमापेक्षा जंतुसंसर्गानं जातात, आणि तो वेळेत पकडला तर बरा होतो. जखमेवर हळद, कडुलिंबाचा लेप, डेटॉल काही नको. कोमट पाण्याची अंघोळ, अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन, जखमेवर स्वच्छ न चिकटणारी पट्टी, अंगात जुना धुवून मऊ झालेला सुती सदरा. रात्री खाजेनं झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा. त्यासाठी गॅबापेंटिन, मिर्टाझापिन अशी वेगळी औषधं असतात आणि साध्या खाजेच्या गोळीपेक्षा ती चांगली लागू पडतात. झोप मिळाली की माणूस बोलायलाही लागतो.

पुडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती उघडू नका. आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडतं, पारा, आर्सेनिक सापडतो. स्टिरॉइडनं चार दिवस बरं वाटेल, बायोप्सीतलं चित्र धूसर होईल, आणि पुढं औषध सुरू करताना यकृत आधीच दमलेलं असेल. भासऱ्यांना सांगा, 'रिपोर्ट येऊ द्या, मग बोलू.' आणि बायोप्सीच्या दिवशी त्यांनाच सोबत घेऊन जा. प्रश्न त्यांना स्वतः डॉक्टरांना विचारू द्या. घरातला विरोध असा पुष्कळदा मावळतो.

मुंबईला लगेच पळू नका. बायोप्सी, पेट स्कॅन, रेडिएशन हे सगळं नागपुरात होतं. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल तुमच्यापासून लांब नाही, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे. कुठंही गेलात तरी आग्रह एकच धरा. त्वचेचे डॉक्टर, कॅन्सरची औषधं देणारे, रेडिएशनचे आणि पॅथॉलॉजिस्ट, या चौघांनी केस एकत्र बघावी. आज त्वचेवाल्यांकडे, उद्या किमोवाल्यांकडे अशा चकरा घालण्यात या आजारात फार वेळ जातो. दुसरं मत हवंच, पण त्यासाठी आधी कागद जाऊ द्या, माणूस नंतर. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेतून ऑनलाइन मागवता येतं, आणि स्लाइड-ब्लॉक परळला तपासायला पाठवता येतात. सगळ्या अंगाला द्यायचं इलेक्ट्रॉन रेडिएशन सुचवलं गेलं तर मात्र बाहेर जायची तयारी ठेवा, कारण ती सोय देशात मोजक्याच मोठ्या केंद्रांत आहे. तेव्हा रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबत्यालाही मोठी सूट मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहायची सोय होते. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा.

मिस्टरांच्या टॉवेल-चादरीबद्दल. हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं कुणालाही होत नाही. तो संसर्गजन्य नाही. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून, तुमच्यासमोर ऐकू द्या, कारण वर्षानुवर्षं 'नायटा आहे, टॉवेल वेगळा ठेवा' हेच त्यांनी ऐकलं आहे. फुटलेल्या जखमेची पट्टी बदलताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा, तेवढी स्वच्छता पुरे. त्यांना हॉलमधून आत झोपायला आणा. तुम्ही म्हटलं तर ऐकतील असं मला वाटतं. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना काही कळत नाही असं समजून त्यांच्या पाठीमागे निर्णय घेऊ नका. रिपोर्ट आणायला त्यांनीच जावं, तुम्ही शेजारी असावं.

लग्न पुढं ढकलू नका. आणि लग्नासाठी बायोप्सीही पुढं ढकलू नका. वैशाखाला तीनेक महिने आहेत, एवढ्या वेळात निदान होऊन उपचार सुरू होऊन स्थिरावतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मुहूर्ताची तारीख सांगा. शेक किंवा सलाइनचे दिवस त्या आठवड्यातून मागेपुढे करता येतात, आम्ही ते नेहमी करतो. लॉन ठरवलं असेल आणि अजून बदलता येत असेल तर एसी हॉल बघा. नागपूरच्या वैशाखात पंचेचाळीसच्या उन्हात, घामानं भिजलेल्या भरजरी शेरवानीत त्यांची कातडी पेटून उठेल. सुती कुर्ता चालतो, वधूपित्याला कुणी नावं ठेवत नाही. व्याह्यांना काय सांगायचं ते तुमच्या लेकीला विचारून ठरवा. सांगायचं ठरलं तर सरळ सांगा, की हा आजार स्पर्शानं पसरत नाही आणि मुलाबाळांत वारशानं उतरणारा म्हणून तो ओळखला जात नाही. उपचार चालू आहेत, आणि कन्यादान तेच करणार आहेत.